माउंट रेनियर: दोन दोरांची गोष्ट

सिएटलमध्ये राहणाऱ्यांना ‘द माउंटन इज आउट’ या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. भारतातल्या आपल्या मंडळींसाठी मात्र सांगायला हवा. वर्षातले कितीतरी महिने इथलं आभाळ करड्या गोधडीसारखं डोक्यावर असतं. मग एखाद्या सकाळी ढग सरतात आणि लेक वॉशिंग्टनवरच्या पुलावरून ऑफिसला निघालेल्यांना दक्षिणेला एक अवाढव्य पांढरा डोंगर दिसतो. जमिनीवर उभा नसून हवेत टांगलेला असावा असा. नाव घ्यायची गरज नसते. पुण्यात नुसतं ‘गडावर जाऊन आलो’ म्हटलं की तो सिंहगडच असतो, तसा इथे ‘द माउंटन’ म्हणजे माउंट रेनियर.

उंची १४,४१० फूट. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर आपली कळसूबाई घ्या. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, सुमारे ५,४०० फूट. रेनियरच्या दक्षिण उतारावर पॅराडाइज नावाचं ठिकाण आहे. गाडी तिथपर्यंत जाते, आणि त्या पार्किंगची उंचीही सुमारे ५,४०० फूटच! म्हणजे कळसूबाईचा माथा जिथे संपतो, तिथे रेनियरची चढाई सुरू होते. या पॅराडाइजला १९७१-७२च्या हंगामात १,१२२ इंच, म्हणजे ९३ फुटांहून जास्त बर्फ पडल्याची नोंद आहे. आठ-नऊ मजली इमारतीएवढा.

शिवाय हा जिवंत ज्वालामुखी आहे. अंगावर दोन डझनांच्या आसपास हिमनद्या, आणि पोटात आग. अलास्का सोडून अमेरिकेच्या सलग भूमीवर इतकं हिमनद्यांनी मढलेलं दुसरं शिखर नाही. इथल्या मूळ रहिवाशांचं त्यासाठीचं नाव ‘टाहोमा’. १७९२ साली कॅप्टन व्हँकुव्हरने आपल्या आरमारातल्या पीटर रेनियर या मित्राचं नाव त्याला देऊन टाकलं. या मित्राने हा डोंगर आयुष्यात कधी पाहिला नाही. एव्हरेस्टच्या नावाची गोष्ट शाळेत शिकलेल्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

लग्न होऊन इथे येण्यापूर्वी मी नाशिकला एका शाळेत सहा वर्षं भूगोल शिकवत होते. हिमनदीचं कार्य हा धडा दरवर्षी यायचा. हिमगव्हर, यू आकाराची दरी, हिमोढ. खडूने फळ्यावर आकृती काढायची, बाण दाखवायचे, मुलांनी ती वहीत उतरवायची, परीक्षेत चार मार्क. शिकवणारीने हिमनदी पाहिलेली नव्हती आणि शिकणाऱ्यांपैकी कुणी पाहील अशी शक्यता नव्हती. इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात पॅराडाइजहून निस्क्वाली हिमनदी पाहिली. मळकट, भेगाळलेली, कडेला दगडमातीचे लांबच लांब बांध. हेच ते हिमोढ. मी इतका वेळ कठड्याशी उभी राहिले की नवरा दोनदा बोलवायला आला. त्या वेळी माझा व्हिसा एच-४ होता. एम.ए., बी.एड.ची प्रमाणपत्रं फाइलमध्ये होती आणि नोकरी करायची परवानगी नव्हती. त्यामुळे वेळ भरपूर होता. लायब्ररीतून रेनियरवरची पुस्तकं आणायला लागले, आणि त्यांतल्या एकात फे फुलर भेटली.

फे फुलर ही जवळच्या येल्म गावातली शिक्षिका. १० ऑगस्ट १८९० रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी ती रेनियरच्या माथ्यावर पोचली. तिथे पोचल्याची नोंद असलेली पहिली स्त्री. जाड फ्लॅनेलचा घोट्यापर्यंतचा पायघोळ पायजमा आणि वर झगा, पायांत खिळे ठोकलेले मुलग्यांचे बूट, उन्हाने भाजू नये म्हणून तोंडाला फासलेला कोळसा. तो पोशाख त्या काळी अगदीच अशोभनीय ठरला. बरोबरचे सगळे पुरुष. त्यांनी हात पुढे केला तरी ती घेत नव्हती. पोचायचं तर आपल्या पायांनी, असा तिचा हट्ट होता. सर्वांनी रात्र माथ्यावरच्या विवरात काढली. पुढे ती बातमीदार झाली, गिर्यारोहण संस्था उभ्या करण्यात पुढे होती, आणि रेनियरच्या परिसरातलं एक शिखर आज ‘फे पीक’ म्हणून ओळखलं जातं. शाळेतल्या बाईंनी हे केलं होतं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

तरी प्रत्यक्ष जायचं ठरवायला पुढे बरीच वर्षं गेली. मुलगी झाली, ती सात वर्षांची झाली. नवऱ्याला सह्याद्रीचं वेड कॉलेजपासूनच. हरिश्चंद्रगड, राजगड, रतनगड त्याचे पाठ आहेत. पण सह्याद्री घाम आणि खडक शिकवतो, बर्फ शिकवत नाही. आपल्याकडच्या गिर्यारोहकांनाही त्यासाठी दार्जिलिंगला किंवा उत्तरकाशीला जाऊन कोर्स करावा लागतो. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण १९ मे २०१२ रोजी एव्हरेस्टवर पोचले, त्यामागे हिमालयातली कित्येक वर्षांची उमेदवारी होती. आम्ही गाइड घेऊन जायचं ठरवलं.

घरात चर्चा झाली ती अर्थातच धोक्याची. रेनियरवर दरवर्षी दहा हजारांच्या आसपास लोक माथ्यासाठी निघतात आणि साधारण निम्मेच पोचतात. बाकीचे परत फिरतात. पण काही परत येतही नाहीत. २१ जून १९८१ रोजी इनग्रॅहम हिमनदीवर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि अकरा जण त्याखाली गेले. अमेरिकेच्या गिर्यारोहणातला तो सर्वांत मोठा अपघात. त्यांतला एक जण गाइड होता. म्हणजे अनुभव असला की झालं, असंही नाही. मुलगी लहान असताना आई-बापांनी अशा जागी जावं का, हा प्रश्न सासूबाईंनी विचारला आणि तो चुकीचा नव्हता. सासू-सासरे त्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आले होते. मुलगी त्यांच्याजवळच राहणार होती. त्यामुळे विचारण्याचा हक्कही त्यांचाच होता.

यावर आम्ही काढलेला तोडगा समजायला दोराचं गणित समजून घ्यावं लागेल. हिमनदीवर खोल भेगा असतात, त्यांतल्या कित्येक वरच्या ताज्या बर्फाने झाकलेल्या. म्हणून तीन-चार जण एका दोराला अंतराअंतराने बांधून घेऊन चालतात. एकाचा पाय भेगेत गेला तर बाकीच्यांनी लगेच अंग बर्फावर टाकायचं, आइस अ‍ॅक्सचं टोक रुतवायचं आणि त्याला धरून ठेवायचं. दोर वाचवतो तो असा. पण तीव्र उतारावर एकाला सावरता आलं नाही तर तोच दोर सगळ्यांना घेऊन जाऊ शकतो. लहान मूल घरी असलेल्या जोडप्याने एकाच दोरावर असू नये, असं आम्ही ठरवलं आणि गाइडला आधीच तसं कळवलं. सासूबाईंना हे पटलं असं म्हणणार नाही, पण आपण नीट विचार केला आहे, एवढं त्यांना दिसलं.

तयारी पाच महिने केली. शनिवारी माउंट साय किंवा मेलबॉक्स पीक. मेलबॉक्सची चढाईच ४,००० फुटांची आहे. पाठीवरच्या पिशवीत वजन म्हणून सोना मसुरीची वीस पौंडांची गोणी. सासरे दर शनिवारी विचारायचे, ‘आज तांदूळ कुठे फिरायला निघाला?’

जुलैच्या एका सकाळी पॅराडाइजहून निघालो. आम्ही आठ जण आणि तीन गाइड. आदल्या दिवशी खालच्या उतारावर शाळा भरली होती. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते, लावून कसं चालायचं, घसरलं तर कसं थांबायचं, दोर पायाखाली न येऊ देता कसा धरायचा. पाऊल टाकताना मागचा पाय सरळ ताठ करून क्षणभर हाडावर भार द्यायचा म्हणजे स्नायूला विश्रांती मिळते. याला रेस्ट स्टेप म्हणतात. पंधरा वर्षं डोंगर चढलेल्या नवऱ्याला चालणं पुन्हा शिकावं लागलं. मला गाइडचं शिकवणं फार आवडलं. एकच गोष्ट तीनदा, तीन वेगळ्या तऱ्हांनी, आवाज न चढवता.

पहिला मुक्काम कॅम्प म्युअर, १०,०८० फुटांवर. पॅराडाइजपासून साडेचार मैल, त्यातला वरचा अर्धा भाग नुसतं हिममैदान. ऊन वरून आणि बर्फातून खालून, दोन्हीकडून भाजतं. नाकाच्या आतल्या बाजूलासुद्धा सनस्क्रीन लावायला सांगतात, ते उगाच नाही. प्रत्येकाबरोबर एक निळी पिशवीही असते. या डोंगरावर माणसाचं काहीच मागे ठेवायचं नसतं, ‘तेही’ पिशवीत घालून परत आणायचं. यावर जास्त लिहीत नाही, दिवाळी अंक फराळाबरोबर वाचला जातो.

कॅम्पला नाव निसर्गलेखक जॉन म्युअरचं. १८८८ साली तो या वाटेने वर गेला होता. तिथे दगडी भिंतींच्या जुन्या झोपड्या आहेत. गरम पाणी मिळालं, घरून भाजून आणलेल्या रव्याचा उपमा झाला. संध्याकाळी गाइडने गोष्ट सांगितली, ती मला माहीत होती, तरी त्या जागी ऐकताना वेगळी वाटली. १९६३च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेतल्या लोकांनी आदल्या वर्षी सराव केला तो याच रेनियरवर. १ मे १९६३ रोजी सिएटलचा जिम व्हिटाकर एव्हरेस्टवर पोचणारा पहिला अमेरिकन ठरला, आणि त्याच्या शेजारी उभा होता दार्जिलिंगचा नवांग गोम्बू, तेनसिंगचा भाचा. दोन वर्षांनी, १९६५च्या भारतीय मोहिमेत गोम्बू पुन्हा वर गेला आणि एव्हरेस्ट दोनदा चढणारा जगातला पहिला माणूस झाला. पुढे त्याने रेनियरवर उन्हाळ्यांत गाइडचं काम केलं. म्हणजे या बर्फावर आपल्याकडच्या माणसाची पावलं उमटून गेली आहेत.

रात्री साडेबाराला निघालो. थंडीत बर्फ घट्ट असतो, दगड गोठून जागी बसलेले असतात. सूर्य आला की सगळं सुटायला लागतं. म्हणून माथा सकाळी गाठून दुपारच्या आत खाली यायचं. डोक्याला दिवा, त्या दिव्याच्या गोल उजेडात समोरच्याचा दोर, आणि क्रॅम्पॉनचा करकर आवाज. नवरा पुढच्या दोरावर, मी मागच्या. अंधारात त्यांच्या दिव्यांपैकी त्याचा कोणता, ते मला ओळखता येत नव्हतं.

इनग्रॅहम फ्लॅट्सला, साधारण ११,००० फुटांवर, पहिला मोठा थांबा. तिथे पोचले तेव्हा नवरा पिशवीवर बसून होता. डोकं फुटेल असं दुखत होतं, उलटी झाली होती. आणखी एकाची तशीच गत. गाइडने दोन-चार प्रश्न विचारले आणि निर्णय सांगितला. दोघांनी खाली जायचं. उंचीच्या त्रासावर खाली उतरणं हेच औषध. एक गाइड त्यांना घेऊन म्युअरला परत जाणार. उरलेले सहा जण दोन गाइडबरोबर वर.

मग ती आमच्याकडे वळली. म्हणाली, कुणाला शंका असेल तर आत्ता सांगा. आत्ता परत फिरलात तर कुणाचं काही बिघडत नाही. यापुढे एकाने माघार घेतली तर अख्खा दोर मागे फिरेल.

पाच मिनिटं होती. नवऱ्याबरोबर खाली गेले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. उलट तेच रीतीला धरून झालं असतं. पण मी गेल्याने त्याचं डोकं थांबणार नव्हतं. त्याच्याबरोबर माझ्याहून जाणती माणसं होती आणि तासाभरात तो झोपडीत असणार होता. माझे पाय ठीक होते, डोकं शांत होतं. आणि दोन वेगळे दोर आम्ही घेतले होते ते नेमके कशासाठी? एकाचं जे होईल ते दुसऱ्याचं होऊ नये म्हणूनच ना? त्याला विचारलं, ‘काय करू?’ तो म्हणाला, ‘तू जा. मला नुसतं झोपायचंय.’

मी गेले.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे डिसअपॉइंटमेंट क्लीव्हर. नावातच निराशा असलेला, दोन हिमनद्यांमधला सुट्या दगडांचा उभा सोंड. लोखंडी दात्यांनी दगडावर चालताना घाटातल्या निसरड्या पायऱ्या बऱ्या वाटतात. बाराशे-तेराशे फूट चढून वर आलो तेव्हा पूर्वेला एक नारिंगी रेघ उमटली होती. पुढे एक भेग आली, तिच्यावर आडवी शिडी टाकलेली. खाली निळा रंग होता, आणि तो खाली जाताना काळा होत गेला. फळ्यावर मी हिमनदीतल्या भेगा तीन तिरक्या रेघांनी दाखवत असे.

सातच्या सुमाराला विवराच्या काठावर पोचलो. आत सपाट बर्फाचं मैदान, आणि काठाचे दगड मात्र उघडे, कोरडे. हात लावला तर कोमट. मधूनमधून वाफ निघत होती. १७ ऑगस्ट १८७० रोजी हॅझर्ड स्टीव्हन्स आणि फिलेमॉन व्हॅन ट्रम्प इथे पोचले. त्यांचा स्थानिक वाटाड्या स्लुइस्किन याने त्यांना परोपरीने परतवायला पाहिलं होतं. माथ्यावरच्या अग्नीच्या तळ्यात दुष्ट शक्ती राहते, जाल तर मराल, असं त्याचं म्हणणं. ते दोघे पोचेपर्यंत इतका उशीर झाला की रात्र इथेच काढावी लागली, आणि ते वाचले ते याच वाफेच्या उबेमुळे, बर्फाखालच्या गुहेत बसून. परत आल्यावर स्लुइस्किनला ती भुतंच वाटली. अग्नीच्या तळ्याची गोष्ट तशी खोटी नव्हती, पण जे मारेल असं तो म्हणाला त्यानेच त्यांना तारलं. वीस वर्षांनी फे फुलरनेही इथेच रात्र काढली.

विवर ओलांडून पलीकडचा उंचवटा, कोलंबिया क्रेस्ट, हा खरा माथा. वही होती, नाव लिहिलं. अ‍ॅडम्स, हूड आणि १९८० साली डोकं उडालेला सेंट हेलेन्स असे बाकीचे ज्वालामुखी ढगांच्या समुद्रातून वर आलेले दिसत होते. वारा इतका की दहा मिनिटांत निघालो. उतरणं चढण्यापेक्षा कठीण गेलं. रात्री न दिसलेलं सगळं आता दिसत होतं, आणि ऊन लागून वरचे दगड सुटू लागले होते. १९८१चा कडा कोसळला त्या पट्ट्यात गाइडने थांबू दिलं नाही, पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. म्युअरला नवरा चहा घेत बसला होता. डोकं थांबलं होतं. ‘कसं होतं?’ एवढंच विचारलं आणि माझ्या बुटांच्या नाड्या सोडायला बसला. माझी बोटं वळत नव्हती.

खाली अ‍ॅशफर्ड गावातून घरी फोन केला. सासूबाईंनी आधी ‘जेवलात का?’ विचारलं आणि मग सगळं ऐकून घेतलं. खरा खटला उभा राहिला तो पुण्याहून. नवऱ्याच्या आत्यांनी फोनवर सरळ विचारलं, ‘तो आजारी पडला आणि तू पुढे गेलीस?’ मी दोराचं गणित सांगायला लागले. त्या म्हणाल्या, ‘ते सगळं खरं गं, पण तरी.’

हे ‘पण तरी’ मला अजून पुरतं सोडवता आलेलं नाही. मी आजारी पडले असते आणि तो पुढे गेला असता तर त्याला कुणी विचारलं नसतं, हे नक्की. पण आत्यांच्या प्रश्नात नुसती रूढी नाही, मायाही आहे. त्यांच्या हिशेबात सोबत म्हणजे शेजारी असणं. त्या रात्री मला कळलेली सोबत वेगळी होती. आपला माणूस योग्य हातांत आहे याची खात्री करून घेणं, आणि आपल्या दोरावरच्या तीन अनोळखी माणसांना आपलं ओझं न होऊ देणं.

त्या दिवशी फोन सासऱ्यांनी घेतला. ते एसटीत होते, आयुष्य घाटात गेलं. आपल्या बहिणीला म्हणाले, ‘अगं, घाटात एक गाडी बंद पडली तर दुरुस्तीला माणूस थांबतो, दुसरी गाडी पुढे जाते. दोन्ही उभ्या करून रस्ता अडवायचा असतो का?’ आत्या हसल्या. पटलं की नाही, ते माहीत नाही. दर दिवाळीच्या फोनमध्ये विषय निघतोच.

आता थोडं उपयोगाचं. भारतातून आई-बाबा आले की त्यांना पॅराडाइजला जरूर न्या. जुलैअखेर ते ऑगस्ट रानफुलांचा बहर असतो. मर्टल फॉल्सपर्यंतची वाट आखूड आणि बहुतेक फरसबंद आहे, गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही जमते. निघण्यापूर्वी पार्कच्या संकेतस्थळावर रस्त्यांची आणि प्रवेशाच्या आरक्षणाची माहिती बघा, नियम वर्षागणिक बदलतात. जरा दमदार असाल तर हवा स्वच्छ असलेल्या दिवशी कॅम्प म्युअर एका दिवसात जाऊन येण्यासारखा आहे. पण धुकं दिसलं की परत फिरा. त्या पांढऱ्या मैदानावर वाट हरवून माणसं दगावली आहेत. माथ्याचं मनात असेल तर गाइड, पाच महिने आणि तांदळाची गोणी, तिन्ही हवं.

येत्या उन्हाळ्यात मंडळातल्या आम्ही सहा जणी म्युअरपर्यंत जायचं म्हणतो आहोत. शनिवारचा सराव मार्चपासून माउंट सायवर. नवऱ्यांनाही यायला हरकत नाही. त्या शनिवारी मुलांना कोण सांभाळणार, हे मात्र आधी ठरवून या.